धर्मानंद कोसंबी : पदवीविना प्राध्यापक

बडोद्यात वाढलेल्या आपल्यापैकी बहुतेकांना महाराजा सयाजीराव गायकवाडांनी कोणाकोणाला हात दिला, याची यादी लहानपणापासून तोंडपाठ असते. बाबासाहेब आंबेडकरांना दिलेली शिष्यवृत्ती आणि बडोदा कॉलेजात शिकवणारे अरविंद घोष ही नावे घराघरांत सांगितली जातात. या यादीत एक नाव मात्र बरेचदा मागे राहते. ते आहे आचार्य धर्मानंद कोसंबी यांचे. गोव्यातल्या एका खेड्यात नारळीच्या बागेची देखभाल करणारा, मॅट्रिकही न झालेला हा माणूस पुढे कलकत्ता विद्यापीठात, पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात, अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठात आणि अमेरिकेतल्या हार्वर्डमध्ये विद्वान म्हणून मान्यता पावला. या प्रवासाच्या अगदी मोक्याच्या वळणावर बडोद्याने त्यांना दरमहा पन्नास रुपये दिले होते.

आपल्या मंडळात गोव्याकडची मुळे असलेली कुटुंबे आहेत, इंदूर-ग्वाल्हेरकडून आलेली आहेत आणि बडोद्यातच चार पिढ्या काढलेलीही आहेत. धर्मानंदांची वाट या सगळ्या गावांतून गेली. म्हणून या वेळी त्यांची कथा सांगावी असे आम्हांला वाटले. मुलांना परीक्षेच्या गुणांवरून स्वतःची किंमत ठरवायची सवय लागलेल्या आजच्या दिवसांत ती घरात मोठ्याने वाचली जावी, अशीही आमची इच्छा आहे.

साखवाळचा मुलगा

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ या गावी झाला. वडिलांचे नाव दामोदर, आईचे आनंदीबाई. घर सारस्वतांचे, भावंडे बरीच, उत्पन्न नारळीच्या बागेचे. गोव्यात तेव्हा पोर्तुगीजांचे राज्य होते. सरकारी शिक्षण पोर्तुगीजमधून आणि तेही खेड्यापाड्यांत तुरळकच. मराठी शिकायचे तर गावात कोणी पंतोजी येऊन शाळा चालवील तेवढेच. पंतोजी गेला की शाळा बंद. धर्मानंदांचे शिक्षण असे तुटक तुटक झाले. इंग्रजीचा तर गंधही नव्हता. प्रकृती नाजूक होती आणि हा मुलगा काही विशेष करील असे घरात कोणालाच वाटत नव्हते.

त्या काळच्या रीतीप्रमाणे पंधरा वर्षांचे होण्याच्या सुमारास त्यांचे लग्न झाले. पत्नीचे नाव बाळाबाई. बागेची देखरेख, झाडांचे हिशेब, घरची कामे यांत दिवस जात. वाचनाची भूक मात्र मोठी. मिळेल ते मराठी पुस्तक, मासिक ते वाचून काढत. तुकारामांच्या गाथेची गोडी लागली होती. घर सोडून कुठेतरी जाऊन संस्कृत शिकावे या ध्यासाने ते एकदोनदा बाहेर पडलेही, पण काही जमले नाही म्हणून परतले. गावात हसे झाले असणारच. धर्मानंदांनी आपल्या आत्मचरित्रात या फसलेल्या प्रयत्नांची नोंद काहीही न लपवता केली आहे.

१८९७ च्या सुमारास ‘बालबोध’ या मुलांच्या मासिकात त्यांनी बुद्धाचे छोटेसे चरित्र वाचले. त्या काळी महाराष्ट्रात आणि गोव्यात बुद्धाविषयी सर्वसामान्यांना फारशी माहिती नव्हती. विष्णूचा एक अवतार, एवढ्यावरच बहुतेकांची धाव संपे. या तरुणाला मात्र त्या चार पानांनी असे धरले की पुढची पन्नास वर्षे ती पकड सुटली नाही. बुद्धाचे मूळ म्हणणे काय होते, ते कोणत्या भाषेत होते आणि ते आपल्याला कुठे वाचायला मिळेल, हे तीन प्रश्न घेऊन ते बसले. उत्तर द्यायला साखवाळात कोणी नव्हते.

वडील वारले होते. १८९९ मध्ये मुलगी झाली, तिचे नाव माणिक. त्याच वर्षाच्या अखेरीस धर्मानंदांनी घर सोडले.

पुणे, इंदूर, ग्वाल्हेर, काशी

इथे आम्हांला क्षणभर थांबावेसे वाटते. अशा थोर पुरुषांच्या चरित्रांत घर सोडण्याचा प्रसंग मोठ्या कौतुकाने सांगतात. मागे राहिलेल्यांचे काय झाले, हे एका ओळीत संपवतात. बाळाबाई तेव्हा ऐन तारुण्यात होत्या, मांडीवर तान्ही मुलगी होती. नवरा कधी येणार, येणार की नाही, हे सांगणारे कोणी नव्हते. नातलगांच्या आधाराने त्यांनी पुढची सहा-सात वर्षे काढली. धर्मानंदांच्या विद्येचा हिशेब मांडायचा तर त्यात बाळाबाईंची ही वर्षेही धरली पाहिजेत. ती त्यांनी स्वतःहून दिली नव्हती. ती त्यांच्याकडून घेतली गेली होती.

धर्मानंद पहिल्यांदा पुण्याला गेले. तिथे त्यांची भेट डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांशी झाली. एवढा मोठा पंडित, मुंबई विद्यापीठाचा माजी कुलगुरू. पण गोव्याहून आलेल्या या अनोळखी तरुणाची त्यांनी विचारपूस केली आणि संस्कृत शिकण्याची सोय लावून दिली. या ओळखीचे फळ पुढे बऱ्याच वर्षांनी मिळायचे होते. मात्र पुण्यात हवी तशी सोय फार दिवस टिकेना, म्हणून संस्कृतसाठी काशी गाठायचे ठरले. खिशात पैसे नव्हते. इंदूर आणि ग्वाल्हेर अशा मराठी वस्तीच्या गावांत थांबत, तिथल्या मंडळींचा पाहुणचार आणि मदत घेत ते पुढे सरकत राहिले. त्या काळी मुलुखाबाहेरच्या मराठी माणसाचे घर ही वाटसरूला हक्काची धर्मशाळाच असे. आपल्या आजी-आजोबांच्या आठवणीत अशी घरे अजून असतील.

काशीत अन्नछत्रात जेवायचे आणि दिवसभर शिकायचे, असा क्रम सुरू झाला. गंगाधरशास्त्री तेलंगांसारख्या नामांकित पंडितांच्या पायाशी बसून त्यांनी संस्कृत व्याकरण आणि काव्य पक्के केले. अंगावर पुरेसे कपडे नाहीत, थंडी कडाक्याची, गावात प्लेगची साथ. तरी दीड-दोन वर्षांत संस्कृतचा पाया घातला गेला.

आता बुद्धाचा शोध. नेपाळात बौद्ध धर्म जिवंत आहे असे ऐकून १९०२ च्या सुरुवातीला ते तिकडे निघाले. रानावनांतून, डोंगर चढत काठमांडूला पोचले आणि पाहतात तो काय, धर्माच्या नावाने बरेचसे कर्मकांड उरलेले आणि बुद्धाच्या ग्रंथांचा अभ्यास करणारे कोणी भेटेना. एवढ्या कष्टांनंतरची ही निराशा जबर होती. पण ते गोव्याकडे वळले नाहीत, बुद्धगयेला गेले. तिथे त्यांना कळले की पाली ग्रंथ शिकायचे तर सिंहलद्वीपाला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला जायला हवे. मग कलकत्त्याहून मदत मिळवून ते कोलंबोला पोचले.

कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांसारखा आचार्य होता. सिंहली भाषा येत नव्हती, तिथले जेवण मानवत नव्हते. सुरुवातीला संस्कृत हाच बोलण्याचा दुवा होता. तिथे ते श्रामणेर झाले आणि पाली शिकू लागले. पुढे ब्रह्मदेशात जाऊन त्यांनी तिथल्या लिपीतले ग्रंथ वाचले, ध्यानाचा अभ्यास केला. मधल्या काळात भिक्षापात्र हाती घेऊन कुशिनारा आणि बुद्धाच्या वास्तव्याची इतर ठिकाणे पालथी घातली. १९०६ च्या सुरुवातीपर्यंत हे चालले. घर सोडताना जे तीन प्रश्न होते, त्यांची उत्तरे आता त्यांच्याजवळ होती. बुद्धाचे ग्रंथ कोणत्या भाषेत आहेत ते त्यांना कळले होते, ती भाषा ते शिकले होते आणि ग्रंथ त्यांनी मुळातून वाचले होते.

चीवर उतरले

या टप्प्यावर त्यांनी एक वेगळा निर्णय घेतला. मठात राहून आपली साधना करीत बसणे सोपे होते. पण हे ज्ञान आपल्या लोकांना आपल्या भाषेत द्यायचे असेल तर लोकांत परतायला हवे, असे त्यांना वाटले. त्यांनी भिक्षुवेष उतरवला आणि १९०६ मध्ये कलकत्त्यात शिकवायला सुरुवात केली. बंगालच्या फाळणीनंतरचे ते दिवस. स्वदेशीच्या चळवळीतून नवे नॅशनल कॉलेज निघाले होते, तिथे त्यांना पाली शिकवण्याचे काम मिळाले. बहुभाषाकोविद हरिनाथ डे यांच्या पुढाकाराने लवकरच कलकत्ता विद्यापीठातही त्यांची नेमणूक झाली. कुलगुरू होते सर आशुतोष मुखर्जी.

जरा विचार करून पाहा. ज्याने शाळेची शेवटची परीक्षाही दिलेली नाही, ज्याला इंग्रजी तोवर धड येत नाही, असा माणूस देशातल्या अग्रगण्य विद्यापीठात शिकवायला बसतो. हे धर्मानंदांच्या विद्वत्तेचे श्रेय खरेच. पण ज्यांनी कागद न पाहता माणूस पाहिला, त्या आशुतोषबाबूंचे आणि हरिनाथांचेही ते श्रेय आहे. आज कोणत्याही विद्यापीठात अशी नेमणूक होणे अवघड आहे.

याच वर्षी ते गोव्याला जाऊन बाळाबाईंना आणि माणिकला भेटले. माणिक आता सात वर्षांची होती. वडिलांना ती पहिल्यांदाच ओळखीच्या नजरेने पाहत होती. संसार पुन्हा जुळला. ३१ जुलै १९०७ रोजी मुलगा झाला, त्याचे नाव आजोबांचे ठेवले, दामोदर. गणितज्ञ आणि भारतीय इतिहासाचे थोर अभ्यासक म्हणून पुढे जगभर गाजलेले दामोदर धर्मानंद कोसंबी ते हेच.

बडोद्याचे पन्नास रुपये

कलकत्त्यात पगार दरमहा शंभर रुपये. संसारी माणसाला पुरेसा, मान मोठा. पण धर्मानंदांचे मन तिथे रमेना. आपण बुद्ध शोधायला निघालो तो आपल्या मराठी माणसांसाठी आणि शिकवतो आहोत ते बंगालात, ही टोचणी होती. याच सुमारास सयाजीराव महाराजांशी त्यांची ओळख झाली. महाराजांनी त्यांना एक सोपी व्यवस्था देऊ केली. महाराष्ट्रातील कोणत्याही गावी राहावे, अभ्यास करावा आणि वर्षाला एक पुस्तक बडोदे संस्थानासाठी लिहून द्यावे. त्याबद्दल संस्थान तीन वर्षे दरमहा पन्नास रुपये देईल.

आशुतोष मुखर्जींनी त्यांना सोडायची तयारी दाखवली नाही. पगार वाढवून देतो, राहा, असा आग्रह केला. धर्मानंदांनी शंभरावर पाणी सोडले, वाढीवही नाकारले आणि पन्नास स्वीकारले. त्यांच्या या निर्णयामुळे बुद्धाच्या ग्रंथांचा थेट पालीतून केलेला अभ्यास मराठीत आला. बडोद्यात त्यांनी दिलेली व्याख्याने ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ या नावाने १९१० मध्ये प्रसिद्ध झाली. आपल्याच शहरात, मराठी श्रोत्यांसमोर ही व्याख्याने झाली होती, याचे आम्हांला विशेष अप्रूप वाटते.

सयाजीरावांच्या या मदतीची रीतही लक्षात घेण्यासारखी आहे. त्यांनी विद्वानाला दरबारात बसवले नाही, स्वतःची स्तुती लिहून घेतली नाही, बडोद्यातच राहा असेही म्हटले नाही. काम नेमून दिले, मुदत ठरवली आणि मोकळे सोडले. सार्वजनिक पैशाने विद्येला मदत कशी करावी, याचा हा नमुना आहे. शिष्यवृत्त्या देणाऱ्या आपल्यासारख्या छोट्या संस्थांनाही तो उपयोगी पडेल.

हार्वर्डची वाट

याच काळात हार्वर्ड विद्यापीठातले तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जेम्स वुड्स भारतात आले होते. ते धर्मानंदांकडे पाली शिकले आणि त्यांच्या तयारीने थक्क झाले. हार्वर्डमध्ये एक मोठे काम अडून पडले होते. बुद्धघोषाचार्यांचा पाचव्या शतकातला ‘विसुद्धिमग्ग’ हा ग्रंथ म्हणजे थेरवादी बौद्ध साधनेचे सारसर्वस्व. त्याची संशोधित आवृत्ती हेन्री क्लार्क वॉरन या अमेरिकन पंडिताने हाती घेतली होती, पण १८९९ मध्ये त्यांचे निधन झाले. ते काम पुरे करण्यासाठी प्राध्यापक चार्ल्स लॅनमन यांना पालीत मुरलेला माणूस हवा होता. वुड्स यांनी धर्मानंदांचे नाव सुचवले आणि १९१० मध्ये ते अमेरिकेला गेले.

विसुद्धिमग्गाचे सिंहली आणि ब्रह्मी लिप्यांतले पाठ शब्दाशब्दाने ताडून पाहायचे, बुद्धघोषांनी घेतलेल्या उताऱ्यांची मूळ ठिकाणे त्रिपिटकात शोधायची, असे हे किचकट काम. ज्याला त्रिपिटक जवळजवळ मुखोद्गत आहे, त्यालाच ते साधावे. धर्मानंदांनी ते नेटाने केले. पण ग्रंथावर संपादक म्हणून कोणाचे नाव कसे यावे, यावरून लॅनमन यांच्याशी त्यांचे मतभेद झाले. आपल्या श्रमाचे श्रेय आपल्याला मिळावे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. ते मान्य होईना तेव्हा १९१२ मध्ये ते परत निघाले.

या कामासाठी पुढे त्यांनी आणखी तीनदा हार्वर्डची वारी केली. १९१८ ते १९२२, मग १९२६-२७ आणि शेवटी १९३१-३२. अपमान गिळून काम पूर्ण करणे आणि अपमान सोसणार नाही म्हणून उठून जाणे या दोन्ही गोष्टी एकाच माणसाने केल्या. ही आवृत्ती हार्वर्डच्या प्राच्य ग्रंथमालेत छापून बाहेर आली ती १९५० मध्ये. तेव्हा धर्मानंद हयात नव्हते. मात्र त्यापूर्वीच, १९४० मध्ये, त्यांनी स्वतः संपादिलेला नागरी लिपीतला विसुद्धिमग्ग मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने प्रसिद्ध केला होता. त्यावर त्यांनी चक्क पाली भाषेत स्वतःची टीकाही लिहिली. शेकडो वर्षांनी एका भारतीयाने पालीत नवे ग्रंथ रचले, हे त्यांचे मोठेपण आहे.

फर्ग्युसनमधली सहा वर्षे

अमेरिकेहून परतल्यावर १९१२ मध्ये ते फर्ग्युसन कॉलेजात पालीचे प्राध्यापक झाले. रँग्लर परांजपे तेव्हा प्राचार्य होते. मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात पालीला जागा मिळावी, म्हणून धर्मानंदांनी डॉ. भांडारकरांचे मन वळवले होते. पुण्यात बारा वर्षांपूर्वी झालेल्या त्या पहिल्या भेटीचे हे फळ. विषय मंजूर होणे ही पहिली पायरी झाली. शिकवायला माणूस हवा आणि शिकायला मुले हवीत. बेताच्या पगारावर धर्मानंदांनी ती दुसरी पायरी चढली.

त्यांच्या हाताखालून जे विद्यार्थी तयार झाले त्यांत पु. वि. बापट, ना. के. भागवत आणि चिं. वै. राजवाडे ही नावे ठळक आहेत. बापट पुढे पाली आणि बौद्ध विद्येचे जगन्मान्य पंडित झाले. भागवतांनी मुंबईत ही परंपरा चालवली. राजवाडे आपल्या बडोदा कॉलेजात पाली शिकवू लागले. बडोद्याने लावलेले रोप असे शिष्याच्या रूपाने बडोद्याला परत आले. पश्चिम भारतातल्या कॉलेजांत आज जिथे पाली शिकवली जाते, तिथला धागा मागे ओढत नेला तर तो बहुधा फर्ग्युसनच्या या वर्गापर्यंत येतो.

आम्हांला धर्मानंदांचे नेतृत्व दिसते ते इथे. त्यांच्याकडे कधी मोठे अधिकारपद नव्हते, ते कुलगुरू नव्हते की प्राचार्य नव्हते. सभा गाजवण्याचा त्यांचा पिंडही नव्हता. त्यांनी एक विषय उभा केला, तो शिकवणारी माणसे तयार केली आणि वेळ येताच जागा मोकळी केली.

१९१८ मध्ये दुसऱ्यांदा हार्वर्डला जाताना त्यांनी माणिकला आणि अकरा वर्षांच्या दामोदरला बरोबर नेले. माणिकने तिथल्या रॅडक्लिफ कॉलेजातून पदवी घेतली. त्या काळच्या मराठी मुलीसाठी ही गोष्ट साधी नव्हती. तान्ही असताना जिला सोडून वडील निघून गेले, त्याच मुलीला त्यांनी एवढ्या दूर शिकायला नेले. जुनी चूक भरून निघाली असे आम्ही म्हणणार नाही, पण वडिलांना तिची जाणीव होती असे मात्र वाटते. दामोदर तिथेच शाळेत गेले, हार्वर्डचे पदवीधर झाले आणि पुढे वडिलांच्याच फर्ग्युसनमध्ये गणित शिकवू लागले.

विद्यापीठ आणि चळवळ

१९२२ मध्ये परतल्यावर धर्मानंदांनी सरकारी मान्यतेचे कॉलेज निवडले नाही. महात्मा गांधींनी १९२० मध्ये अहमदाबादेत स्थापलेल्या गुजरात विद्यापीठाच्या पुरातत्त्व मंदिरात ते दाखल झाले. काकासाहेब कालेलकर, मुनी जिनविजयजी, पंडित सुखलालजी अशी मंडळी तिथे होती. पाली जाणणारे धर्मानंद आणि जैन आगमांचे जाणकार एकाच आवारात आल्याने दोन्ही परंपरांचा एकत्र विचार झाला. पार्श्वनाथांच्या चातुर्याम धर्माविषयीचे धर्मानंदांचे चिंतन याच सहवासातून वाढले. ‘निवेदन’ हे त्यांचे आत्मचरित्र १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्या मंडळाच्या प्रत्येक घरात ते असावे, असे आम्ही आग्रहाने म्हणतो. भाषा इतकी साधी की शाळकरी मूलही वाचू शकते.

१९२९ मध्ये ते पाली शिकवायला रशियात लेनिनग्राडला गेले. अमेरिकेत असतानाच समाजवादाच्या विचारांनी त्यांना ओढले होते, त्यामुळे नवा रशिया पाहण्याची उत्सुकता होती. १९३० मध्ये परत आले तेव्हा देशात मिठाचा सत्याग्रह पेटला होता. त्रेपन्न वर्षांचा हा पंडित पोथ्या बाजूला ठेवून शिरोड्याच्या सत्याग्रहात उतरला, विलेपार्ल्याच्या छावणीत राबला आणि तुरुंगातही जाऊन आला.

पुढे काही काळ काशीत अध्ययन-अध्यापन झाले. १९३७ मध्ये त्यांनी मुंबईत परळच्या कामगार वस्तीत ‘बहुजनविहार’ सुरू केला. हार्वर्डमध्ये वावरलेला माणूस गिरणी कामगारांत येऊन राहिला, कारण बुद्धाचा उपदेश ज्या बहुजनांच्या हितासाठी होता ते लोक त्यांना इथे दिसत होते.

‘भगवान बुद्ध’ हा त्यांचा सर्वांत गाजलेला ग्रंथ याच सुमाराचा. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून राजपुत्राने एका रात्रीत घर सोडले, ही परंपरागत कथा त्यांनी जुन्या पाली ग्रंथांच्या आधाराने तपासली. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात होणारी भांडणे, माणसांनी एकमेकांवर उगारलेली शस्त्रे, यांतून गौतमाच्या मनात वैराग्य आले असावे, असे त्यांनी मांडले. बाबासाहेब आंबेडकरांच्या बुद्धचरित्रातही गृहत्यागाचे कारण याच पाण्याच्या तंट्याशी जोडलेले आढळते. याच ग्रंथात प्राचीन श्रमणांच्या मांसाहाराविषयी त्यांनी जे लिहिले, त्यावरून मोठे वादळ उठले. जैन समाजातल्या अनेकांना ते दुखावणारे वाटले. धर्मानंद आपल्या पुराव्यावर ठाम राहिले. ज्या जैन विचाराबद्दल त्यांना इतका आदर होता, त्याच समाजाचा रोष त्यांना पत्करावा लागला. पुढे साहित्य अकादमीने हा ग्रंथ अनेक भारतीय भाषांत नेला.

शेवट

अखेरच्या वर्षांत प्रकृती पार ढासळली. मधुमेहासारख्या दुखण्यांनी शरीर पोखरले होते. ज्या देहाकडून आता लोकांची सेवा होणार नाही, तो दुसऱ्यांवर भार टाकून का राखावा, असे त्यांना वाटू लागले. पार्श्वनाथांच्या परंपरेत सांगितल्याप्रमाणे अन्नत्याग करून शांतपणे देह ठेवण्याचा विचार त्यांनी केला. १९४६ मध्ये उत्तर प्रदेशात त्यांनी उपवास आरंभला, तेव्हा गांधीजींनी विनंती केली म्हणून तो सोडला. पण शरीर सावरले नाही. पुढल्या वर्षी ते सेवाग्रामच्या आश्रमात आले, पुन्हा अन्नत्याग केला आणि सुमारे महिनाभराने, जून १९४७ मध्ये, तिथेच शांतपणे गेले. स्वातंत्र्य अवघ्या दोन महिन्यांवर होते. गांधीजींनी दिल्लीच्या प्रार्थनासभेत त्यांचे स्मरण केले. मोठी विद्वत्ता असूनही प्रसिद्धीपासून दूर राहिलेला माणूस, असा त्यांचा गौरव केला. त्यांच्या स्मरणार्थ पाली शिकण्यासाठी विद्यार्थ्यांना सिंहलद्वीपाला पाठवावे, अशीही कल्पना पुढे आली.

त्यांच्या या शेवटाविषयी आपल्यात दोन मते असतील. आमच्यातही आहेत. काहींना त्यात शांत धैर्य दिसते. काहींना वाटते की अशा वडीलधाऱ्या माणसाला आपण भार आहोत असे वाटू देणे ही भोवतालच्या सर्वांचीच कसोटी होती. आपल्या घरातल्या आजारी आजी-आजोबांकडे पाहताना हा दुसरा विचार मनात राहू द्यावा, असे आम्हांला वाटते.

धर्मानंदांच्या आयुष्यातून एकच गोष्ट घ्यायची तर ती कोणती? घर सोडून जाणे हा काही आदर्श नव्हे, त्याची किंमत बाळाबाईंनी मोजली. पण साखवाळच्या त्या मुलाला फसलेले प्रयत्न, रिकामा खिसा, न आलेले इंग्रजी आणि नसलेली पदवी यांनी थांबवले नाही. त्याला पुण्यात भांडारकर भेटले, इंदूर-ग्वाल्हेरात घरे उघडली गेली, कलकत्त्यात आशुतोषबाबू भेटले आणि बडोद्यात सयाजीराव. एकट्याच्या जिद्दीला इतक्यांचे हात लागले तेव्हा एक विद्याशाखा उभी राहिली.

आपल्या मुलांतला एखादा असाच चार पानांनी झपाटलेला असेल. त्याची गुणपत्रिका कदाचित बेताची असेल, त्याचा विषय आपल्याला कळणारही नाही. त्याला काय हवे आहे हे निदान एकदा बसून ऐकावे. आणि मंडळाच्या शिष्यवृत्तीचे अर्ज वाचताना गुणांच्या रकान्यापुढे जाऊन मुलाने स्वतःच्या हाताने लिहिलेले चार शब्दही वाचावेत. ते आम्ही या वर्षीपासून करणार आहोत.